पर्यायी शाळांचे मोजमाप : अमेरिकेतील काही राज्यांचा अनुभव

शाळेचे काम कसे मोजावे, हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडात १८६२ साली शाळांचे सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेशी जोडण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धती मुंबई इलाख्यातही आली. या पद्धतीने परीक्षेपुरते पाठांतर तेवढे वाढते, अशी टीका झाली, आणि शतक संपण्याच्या सुमारास इंग्लंडाने ती सोडून दिली. पद्धती गेली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र राहिला. ज्या संस्थेवर लोकांचा पैसा खर्च होतो आणि लोकांची मुले जिच्या स्वाधीन केली जातात, त्या संस्थेने आपल्या कामाचा हिशेब दिलाच पाहिजे. हा हिशेब कोणत्या मापाने घ्यावयाचा, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

हा वाद सर्वांत तीव्र होतो तो मागे पडलेल्या मुलांच्या शाळांबाबत. ज्या शाळेत मुले वेळेवर पहिलीत येतात आणि खंड न पडता शिकत जातात, तिचा निकाल आणि ज्या शाळेत इतर शाळांतून सुटलेली, वय वाढलेली, मध्येच शिक्षण थांबलेली मुले येतात, तिचा निकाल एकाच मापाने मोजावा काय? आणि दोन्हींना वेगवेगळी मापे लावली, तर दुसऱ्या शाळेतील मुलांकडून आपण कमी अपेक्षा करतो असे होणार नाही काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निरनिराळ्या राज्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. त्यांतील काही उत्तरे, त्यांतले गुणदोष आणि आपल्या शाळांना त्यातून घेता येण्याजोगा बोध यांचा विचार या लेखात केला आहे.

१. पर्यायी शाळा म्हणजे काय?

अमेरिकेत शालेय शिक्षण बारा इयत्तांचे आहे. नववी ते बारावी या चार इयत्तांना तेथे हायस्कूल म्हणतात. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्याला ठरावीक विषयांचे ठरावीक श्रेयांक मिळवावे लागतात. विषय पूर्ण केला की श्रेयांक मिळतो आणि सर्व श्रेयांक पुरे झाले की शालान्त प्रमाणपत्र हाती येते. शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय असल्यामुळे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. तथापि केंद्र सरकार राज्यांना शिक्षणासाठी पैसा देते आणि त्या पैशाबरोबर काही अटीही घालते.

जी मुले नियमित हायस्कूलमध्ये टिकू शकली नाहीत, त्यांच्यासाठी काढलेल्या शाळा म्हणजे पर्यायी शाळा होत. त्यांचे प्रकार अनेक आहेत. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांवरील मुलामुलींना काम सांभाळून शिक्षण पुरे करता यावे म्हणून चालविल्या जाणाऱ्या शाळांची परंपरा १९१९ पासूनची आहे. काही शाळा शाळा सोडून गेलेल्यांना परत आणण्याचे काम करतात. काही शाळा बालन्यायालयाच्या ताब्यातील मुलांसाठी असतात, तर काहींत शिस्तभंगामुळे नियमित शाळेतून काढलेली मुले थोड्या काळासाठी पाठवली जातात. लहान वयात आई झालेल्या मुली, घर नसलेली मुले, वारंवार गाव बदलणाऱ्या मजुरांची मुले, नापास होऊन वय वाढलेली मुले असे विद्यार्थी या शाळांच्या पटावर नेहमी आढळतात.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेने गुरांमागे कुरणात जावे, हा तिचा विचार होता. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात निघालेल्या साखरशाळा याच जातीच्या. अशा शाळेची तपासणी करणाऱ्याच्या मनात सहजच प्रश्न उभा राहतो : हिची तुलना कोणाशी करावयाची?

२. उत्तरदायित्वाची पद्धती

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६५ साली प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा मोठा कायदा केला. त्याचा मुख्य उद्देश गरीब वस्तीतील शाळांना साहाय्य देणे हा होता. या कायद्याच्या पुढील आवृत्तींत साहाय्याबरोबर हिशेबाचा आग्रह वाढत गेला. जानेवारी २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘एकही मूल मागे राहू नये’ या अर्थाच्या नावाच्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची दर वर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन व गणिताची परीक्षा घेणे राज्यांना बंधनकारक केले. २०१४ पर्यंत सर्व मुले त्या परीक्षांत प्रवीण व्हावीत, असे ध्येय त्यात लिहिले होते. हे ध्येय कोणतेही राज्य गाठू शकले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. त्याने वार्षिक परीक्षा कायम ठेवल्या, परंतु शाळांची प्रतवारी कशी करावी याबाबत राज्यांना अधिक मोकळीक दिली.

प्रतवारीची रूपे निरनिराळी आहेत. फ्लोरिडाने १९९९ पासून शाळांना ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ व ‘एफ’ अशा श्रेणी देण्यास आरंभ केला. टेक्सासनेही पुढे हीच अक्षरे स्वीकारली. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून एका अक्षराऐवजी लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा हे पाच रंग वापरण्याचे ठरविले आणि प्रत्येक निकषाला स्वतंत्र रंग दिला. रूप कोणतेही असो, प्रतवारीचा परिणाम खरा असतो. खालच्या श्रेणीतील शाळेत सुधारणा करावी लागते. काही राज्यांत तिचे व्यवस्थापन बदलू शकते, आणि प्रसंगी ती बंदही होऊ शकते.

३. सरसकट माप लावल्यास काय होते?

हायस्कूलच्या प्रतवारीत ‘शालान्त प्रमाण’ हा एक महत्त्वाचा निकष असतो. पूर्वी प्रत्येक राज्य हे प्रमाण आपापल्या रीतीने काढीत असे. त्यामुळे २००८ साली केंद्र सरकारने सर्वांसाठी एकच रीत ठरवून दिली. ती अशी : एका वर्षी प्रथमच नववीत आलेल्या मुलांचा एक गट धरावयाचा. जी मुले बदलून दुसऱ्या शाळेत गेली त्यांना गटातून वजा करावयाचे, जी बदलून आली त्यांना गटात मिळवावयाचे. चार वर्षांच्या अखेरीस या गटातील किती मुलांना प्रमाणपत्र मिळाले, त्याची टक्केवारी म्हणजे त्या शाळेचे शालान्त प्रमाण.

ही रीत निर्दोष वाटते. पण पर्यायी शाळेत ती कशी चालते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहावे.

एका शहरात सहा नियमित हायस्कुले आहेत. प्रत्येकीच्या नववीत १०० मुले आली. प्रत्येक शाळेतील १० मुले दहावी-अकरावीपर्यंत इतकी मागे पडली की ती वेळेवर उत्तीर्ण होण्याचा संभव उरला नाही. ही मुले त्याच शाळेत राहिली आणि त्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही, आणि उरलेल्या ९० पैकी ८५ उत्तीर्ण झाली, तर शाळेचे प्रमाण ८५ टक्के होईल. आता ती १० मुले पर्यायी शाळेत गेली असे समजू. नियमित शाळेचा गट ९० मुलांचा झाला, त्यातील ८५ उत्तीर्ण झाली, आणि प्रमाण सुमारे ९४ टक्के झाले. अध्यापनात काहीही न बदलता शाळेची श्रेणी सुधारली.

पर्यायी शाळेत सहा ठिकाणांहून मिळून ६० मुले आली. कोणाकडे निम्मे श्रेयांक होते, कोणाकडे त्याहूनही कमी. शिक्षकांनी कष्ट करून त्यांपैकी २४ जणांना चौथ्या वर्षाच्या अखेरीस उत्तीर्ण केले. आणखी १८ जण पाचव्या वर्षी उत्तीर्ण झाले आणि ६ जण सहाव्या वर्षी. म्हणजे ६० पैकी ४८ मुलांच्या हाती प्रमाणपत्र पडले. ही मुले आपापल्या जुन्या शाळांत राहती, तर शहरातील ६०० पैकी ५१० मुले उत्तीर्ण झाली असती. पर्यायी शाळेमुळे हा आकडा ५५८ झाला. एवढे काम केलेल्या शाळेचे चार वर्षांचे शालान्त प्रमाण मात्र ६० पैकी २४, म्हणजे ४० टक्के. २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या हायस्कूलमध्ये एकतृतीयांश वा अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होत नाहीत, ते विशेष सुधारणेच्या यादीत घालावे लागते. त्या हिशेबाने ही शाळा यादीत जाते, आणि तिच्याकडे मुले पाठविणाऱ्या सहाही शाळा यादीबाहेर राहतात.

परीक्षेच्या निकालाचेही असेच आहे. सोळा वर्षांचे मूल पर्यायी शाळेत आले तेव्हा पाचवीच्या पातळीचे वाचीत होते. एका वर्षात ते सातवीच्या पातळीवर आले. एका वर्षात दोन वर्षांची मजल त्याने मारली. परंतु दहावीच्या परीक्षेत ते ‘अप्रवीण’च ठरते, आणि ज्याने वर्षभर काहीच केले नाही त्याच्या रांगेत त्याची गणना होते. याखेरीज आणखी दोन अडचणी आहेत. पर्यायी शाळांचा पट लहान असतो, त्यामुळे दोन-चार मुलांच्या निकालाने टक्केवारी एकदम खाली-वर होते. आणि कित्येक मुले वर्षभर टिकत नाहीत, काही महिन्यांत येतात व जातात. अशा मुलाचा निकाल कोणत्या शाळेच्या नावावर लिहावयाचा, हे नियमाने ठरवावेच लागते.

४. राज्यांनी काढलेले मार्ग

टेक्सास. या राज्याने पर्यायी शाळांसाठी वेगळ्या नियमांची सोय केली. ज्या शाळेतील किमान ७५ टक्के विद्यार्थी ‘शाळा सुटण्याचा धोका असलेले’ या व्याख्येत बसतात, त्यांना ती मिळू शकते. ही व्याख्या कायद्यात कलमवार दिलेली आहे. नापास होणे, मूल असणे वा गरोदर असणे, घर नसणे इत्यादी गोष्टी तिच्यात नमूद आहेत. अशा शाळेची श्रेणी ठरविताना वेगळी गुणमर्यादा लावली जाते. शिवाय केवळ उत्तीर्ण विद्यार्थीच जमेस धरले जात नाहीत. अद्याप शिकत असलेले आणि शालान्त समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही त्यांच्यात मोजले जातात. मूल शाळेत टिकून आहे, हेच तेथे एक यश समजले जाते. शिस्तभंगामुळे ज्या केंद्रांत मुले पाठवली जातात त्यांना मात्र श्रेणी दिली जात नाही. त्या मुलांचा निकाल त्यांच्या मूळ शाळेच्याच नावावर राहतो.

कॅलिफोर्निया. येथे १९९९ च्या उत्तरदायित्व कायद्यानंतर पर्यायी शाळांसाठी वेगळा आराखडा करण्यात आला. उपस्थिती, श्रेयांक, वर्तन इत्यादी निकषांच्या यादीतून शाळेने आपल्याला लागू पडतील ते निकष निवडावयाचे, अशी त्याची रचना होती. त्यामुळे शाळेची सोय झाली, पण एका शाळेची दुसरीशी तुलना करणे कठीण झाले, आणि काही वर्षांनी तो आराखडा बंद पडला. पुढे रंगांची पद्धती आल्यावर पर्यायी शाळांना पुन्हा वेगळा दर्जा देण्यात आला. काही प्रकारच्या शाळांना तो आपोआप मिळतो, इतरांना किमान ७० टक्के विद्यार्थी जोखमीच्या गटातील असल्याचे दाखवावे लागते. २०१८ साली या शाळांसाठी एक वर्षाचे शालान्त प्रमाण काढण्यात आले. म्हणजे त्या वर्षी बारावीत असलेल्या मुलांपैकी किती उत्तीर्ण झाली, एवढेच पाहण्यात आले. मूल नववीत कधी बसले होते, हा प्रश्न तेथे बाजूस ठेवण्यात आला.

कोलोरॅडो. या राज्यात किमान ९० टक्के विद्यार्थी जोखमीच्या गटातील असतील, तरच शाळेला पर्यायी शाळा म्हणून मान्यता मिळते. जोखमीच्या कारणांत स्थलांतरित कुटुंबातील असणे हेही एक कारण आहे. येथे शाळेचे गुण चार भागांत पाडले जातात : परीक्षेतील संपादणूक, एका परीक्षेपासून दुसरीपर्यंत झालेली प्रगती, शाळेतील सहभाग, आणि पुढील शिक्षण वा कामासाठी तयारी. सहभागाच्या भागात उपस्थिती व विनापरवानगी गैरहजेरी यांचा विचार होतो. पर्यायी शाळेच्या बाबतीत संपादणुकीपेक्षा प्रगतीला अधिक वजन दिले जाते. मूल कोठे उभे आहे यापेक्षा ते कोठून निघाले आणि किती चालले, यावर भर आहे.

ओहायो. सोळा ते एकवीस वर्षांच्या, शाळा सुटलेल्या वा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलांच्या शाळांसाठी ओहायोने स्वतंत्र प्रगतिपत्रक ठेवले. त्यात अक्षरांऐवजी तीन शेरे आहेत : अपेक्षेपेक्षा अधिक, अपेक्षेप्रमाणे, अपेक्षेपेक्षा कमी. शालान्त प्रमाण केवळ चार वर्षांचे न धरता पाच, सहा, सात व आठ वर्षांचेही धरले जाते. वरील उदाहरणातील सहाव्या वर्षी उत्तीर्ण झालेली ती सहा मुले ओहायोच्या कागदावर दिसतात.

फ्लोरिडा. येथे पर्यायी शाळेला दोन मार्ग खुले आहेत. इतर शाळांप्रमाणे अक्षरश्रेणी घ्यावी, किंवा ‘सुधारणा शेरा’ घ्यावा. हा शेरा वाचन व गणितात किती मुलांनी प्रगती केली यावरून ठरतो, आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत : प्रशंसनीय, स्थिर व असमाधानकारक. या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, शाळेने सुधारणा शेरा निवडल्यास सर्वसाधारणपणे मुलांचे परीक्षांचे निकाल त्यांच्या मूळ शाळेच्या हिशेबातही धरले जातात. मूल दुसरीकडे पाठवले म्हणून मूळ शाळेची जबाबदारी संपू नये, हा त्यामागील हेतू आहे.

५. वेगळ्या मापातील धोका

वरील वर्णनावरून वेगळे माप म्हणजे निव्वळ न्याय, असे कोणी समजेल. परंतु या मापाला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

पहिला धोका अपेक्षा खाली आणण्याचा. ‘आमची मुले अशीच आहेत’ हे वाक्य एकदा नियमात शिरले की शिक्षणाचा आग्रह सैल होतो. मूल पटावर आहे, अधूनमधून येते, एवढ्यावर शाळा समाधान मानू लागते. पुढे नोकरी देणारा मालक किंवा महाविद्यालय या मुलाला सवलतीची गुणमर्यादा लावीत नाही. शाळेला मिळालेली सवलत मुलाच्या पदरी तूट म्हणून येते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पर्यायी शाळेचे माप सोपे, आणि तेथे गेलेले मूल मूळ शाळेच्या हिशेबातून वजा, अशी जोडी जुळली की नियमित शाळेला कठीण मूल बाहेर पाठविण्याचा मोह होतो. २०१७ साली ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरासंबंधी याच आशयाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मागे पडलेली मुले नियमित हायस्कुलांतून पर्यायी शाळांत जातात, तेथून कित्येक गळतात, आणि नियमित शाळांचे आकडे मात्र स्वच्छ राहतात, असे त्यात दाखविले होते. अशा वेळी पर्यायी शाळा ही मुलांना दुसरी संधी देणारी जागा न राहता नको असलेली मुले ठेवण्याची कोठडी बनते.

म्हणूनच केंद्रीय कायद्याने एकतृतीयांशाची मर्यादा पर्यायी शाळांसाठी रद्द केलेली नाही. मात्र यादीत आलेली शाळा मुख्यत्वे शिक्षण सोडून परत आलेल्या वा वयाच्या मानाने फार मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची असेल, तर तिच्या सुधारणेचे उपाय वेगळे असू शकतात, आणि तिचा पट १०० पेक्षा कमी असेल, तर ते उपाय न करण्याची मोकळीकही देता येते. अर्थात्, शाळा पाहण्याचे माप एकच ठेवून तिच्याशी वागण्याची रीत वेगळी ठेवावी, असा हा मध्यम मार्ग आहे. तो सर्वांना पटलेला नाही. यादीत नाव येणे हीच शिक्षा आहे, असे पर्यायी शाळांचे शिक्षक म्हणतात. यादीत नाव आले नाही तर या मुलांकडे कोणी पाहणारच नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

६. चांगल्या मापाची लक्षणे

या सर्व प्रयोगांतून चार गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, आरंभीची नोंद. मूल शाळेत आले त्या दिवशी त्याला काय येत होते, हे लिहून ठेवले नसेल, तर शाळेने त्याला किती पुढे नेले हे कोणालाही सांगता येणार नाही. प्रगतीचे प्रत्येक मोजमाप या पहिल्या नोंदीवर उभे असते.

दुसरी, मुदतीची लवचीकता, पण ध्येयाची नव्हे. एखाद्या मुलाला चारऐवजी सहा वर्षे द्यावीत, परंतु सहा वर्षांनी हाती येणारे ज्ञान तेच असावे. ओहायोची रीत येथे उपयोगी ठरते.

तिसरी, पात्रतेची स्पष्टता. कोणती शाळा पर्यायी, हे व्याख्येने व टक्केवारीने ठरावे. एरवी कोणतीही मागासलेली शाळा आपल्याला वेगळे माप मागू लागेल.

चौथी, जबाबदारीची साखळी. मूल एका शाळेतून दुसरीत गेले, तरी पहिल्या शाळेच्या हिशेबातून ते पुसले जाता कामा नये. पाठविणाऱ्याचेही त्यात उत्तरदायित्व राहिले, तर पाठविण्यापूर्वी तो दोनदा विचार करील. ही चौथी गोष्ट नसेल, तर पहिल्या तिन्हींचा उपयोग मुलापेक्षा आकड्यांनाच होतो.

७. आपल्या शाळांशी संबंध

आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना अमेरिकेतील हायस्कुलांचे नियम लागू पडणार नाहीत, हे उघड आहे. तरीही आपल्या प्रत्येक शाळेच्या पोटात एक लहानशी पर्यायी शाळा असते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात दाखल करावयाचे आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावयाचे, असे सांगितले आहे. अशा मुलाला चौदा वर्षांनंतरही प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे आपल्या कायद्यानेही मुदत वाढविली, ध्येय मात्र तेच ठेवले.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. वीटभट्टीवरून आलेली मुलगी वयाने पाचवीची असते आणि तिला जोडाक्षरे येत नाहीत. गुरुजींनी किंवा बाईंनी अशा मुलांना वर्गात घेतले की चाचणीत वर्गाची सरासरी खाली येते. तेव्हा शिक्षकाच्या मनात दोन विचार येणे स्वाभाविक आहे. या मुलांमुळे शाळेचा निकाल बिघडतो, हा एक. आणि ही मुले हिशेबात धरूच नयेत, हा दुसरा. अमेरिकेतील अनुभव सांगतो की दोन्ही विचारांचा शेवट एकाच ठिकाणी होतो : मूल पटावरून, आणि पुढे शाळेतून, नाहीसे होते.

यावर शिक्षकाच्या हातात असलेला उपाय साधा आहे. मूल ज्या दिवशी परत येईल, त्याच आठवड्यात त्याचे वाचन, लेखन व संख्याज्ञान पाहून तारखेसह नोंद करावी. दोन महिन्यांनी आणि वर्षअखेरीस तीच तपासणी पुन्हा करावी. अक्षरे ओळखणारे मूल शब्द वाचू लागले, शब्द वाचणारे परिच्छेदावर आले, बेरीज येणाऱ्याला हातच्याची वजाबाकी जमू लागली, तर ती प्रगती या नोंदीतून आपोआप दिसेल. २०१५ साली सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमात शाळेच्या मूल्यमापनाची जी सात क्षेत्रे ठरविण्यात आली, त्यांत अध्ययनार्थ्यांची प्रगती, संपादणूक व विकास हे एक क्षेत्र होते. संपादणुकीबरोबर प्रगतीचा उल्लेख तेथे आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रगती दाखवावयाची तर तिचा पुरावा शिक्षकाच्या वहीतूनच यावा लागतो.

दुसरे काम साखळी न तुटू देण्याचे. कुटुंब गाव सोडते तेव्हा मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे, आणि त्यात केवळ नाव व इयत्ता न लिहिता मुलाला काय येते हेही भरावे. शक्य असेल तेथे ज्या गावी कुटुंब जाणार त्या गावच्या शाळेतील शिक्षकांना कळवावे. मूल परत आल्यावर मधल्या काळात ते कोठे शिकले, किती दिवस शिकले, याची चौकशी करून हजेरीपटाशेजारी टिपण ठेवावे. मूल सहा महिने दुसऱ्या गावी असले, तरी ते आपलेच आहे, असा याचा अर्थ होतो.

तिसरे काम तपासणीस येणाऱ्यांचे व केंद्रप्रमुखांचे आहे. ज्या वर्गात उशिरा आलेली मुले आहेत, त्या वर्गाची सरासरी पाहून मत बनविण्यापूर्वी त्यांनी ती आरंभीची नोंद मागून पाहावी. नोंद असेल आणि मूल पुढे सरकले असेल, तर त्या शिक्षकाचे काम कमी दर्जाचे म्हणता येणार नाही. नोंदच नसेल, तर ‘मुले अशीच आहेत’ हे कारण ऐकून घेण्याची आवश्यकता नाही. माप न्याय्य असावे असा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाने मोजमापासाठी लागणारी वही स्वतःच तयार ठेवली पाहिजे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या पटावर या वर्षी उशिरा दाखल झालेली किंवा स्थलांतरामुळे खंड पडलेली मुले किती? त्यांपैकी किती मुलांची आरंभीची नोंद झाली आहे?

२. लेखातील उदाहरणात सहा नियमित शाळांचे प्रमाण कोणत्या कारणाने वाढले? तसाच प्रकार आपल्या केंद्रातील शाळाशाळांत मुले बदलून जाताना घडतो काय?

३. शाळेतून गेलेल्या मुलाचा निकाल मूळ शाळेच्या हिशेबात धरण्याची रीत आपल्याकडे आणावयाची झाल्यास कोणत्या नोंदी लागतील?

४. मुदत वाढवून देणे आणि अपेक्षा कमी करणे यांतील फरक आपल्या वर्गातील एका मुलाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

५. उशिरा आलेल्या एका मुलाची तीन महिन्यांची प्रगती दाखविणारा नोंदतक्ता तयार करून पुढील शिक्षण परिषदेत मांडा.